बिनमडगार्डाची सायकल

फेरीवर निघायच्या आधी गजभिये बाई आरोग्य केंद्राच्या फाटकाबाहेर वाकत आणि रस्त्याकडेची चिमूटभर काळी माती उचलत. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ती मळत, डोळ्यांजवळ नेत आणि मग पूर्वेकडच्या शेतांकडे बघत उभ्या राहत. मातीचा भुगा झाला तर काही न बोलता सायकलवर बसत. माती लोण्यासारखी बोटांतून घसरली तरीही बसत. पण तिची गोळी झाली, घट्ट, गुळगुळीत, औषधाच्या गोळीसारखी, की त्यांचा चेहरा बदलायचा. “आज माती धरते, भाऊ,” असं म्हणत. ‘धरते’ हा शब्द त्या अशा आवाजात म्हणत, की ऐकणाऱ्याला पायाखाली काहीतरी जिवंत आहे असं वाटावं.

मी त्या केंद्रात कारकून म्हणून लागलो तो काळ सत्तरच्या सुमाराचा. नागपुरात नंदनवनच्या पुढे तेव्हा शहर संपत असे. आमच्या केंद्राच्या दोन खोल्या शहराच्या अगदी शेवटच्या टोकाला होत्या. त्यापुढे अर्धा कोस खडीचा रस्ता आणि मग शेताशेतांतून जाणारी पांदण. त्या पांदणीवर पाच-सहा गावं होती आणि त्या गावांतली बाळंतपणं गजभिये बाईंकडे होती. बाईंचं नाव इंदू. तिशी नुकतीच उलटलेली, सावळी, काटक, कपाळावर काही नाही, केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर पांढरं लुगडं. केंद्रात एक डॉक्टर साहेब, बाई, मी आणि झाडलोट करणारी एक म्हातारी. एवढाच आमचा संसार.

पहिल्याच दिवशी मला दिसली ती त्यांची सायकल. सरकारने दिलेली बायकी सायकल, पण तिची अवस्था अशी, की कोणी तिची कातडी सोलून ठेवली आहे असं वाटलं. पुढचं मडगार्ड नाही, मागचं नाही, चेनकव्हर नाही, लुगडं चाकात जाऊ नये म्हणून असते ती जाळी नाही. नुसती दोन चाकं, दांडा, घंटी आणि मागे कॅरियरला सुतळीने बांधलेली औषधांची थैली. मी तेव्हा स्वतःच्या सायकलीचा भारी शौकीन होतो. दर रविवारी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन मडगार्डं चमकवायचो. मागच्या मडगार्डाला मोराचं चित्र असलेला रबरी पट्टा लावला होता. माझ्या सायकलशेजारी बाईंची सायकल उभी राहिली की मला उगाचच लाज वाटायची.

“बाई, मडगार्डं कुठे गेली?” मी विचारलं.

“भंडारात खिळ्याले टांगून हायेत. पेपरात गुंडाळून ठेवले.”

“पण काढली कशाला?”

“काहून म्हंजे? चाक चालाले पाहिजे ना!” असं म्हणून त्या हसल्या. “भाऊ, तुमची सायकल डांबरावरची. ते नवरदेवासारखी सजली तरी चालते. माही काळ्या मातीतली हाय.”

मला ते पटलं नाही. मडगार्ड म्हणजे चिखलापासून बचाव, एवढं माझं साधं गणित. त्यातून त्या काळी कॉलेजची पोरं सायकलींची मडगार्डं काढून टाकून हँडल खाली वाकवून हिंडायची. लोक त्यांना नावं ठेवत. एखादी नर्सबाई तसंच करते, हे बघून लोक काय म्हणत असतील, असं माझ्या मनात येई. पावसाळ्यात बाई परत येत तेव्हा त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा एक उभा पट्टा उमटलेला असे. कोणी पाठीवर काळा आसूड ओढावा तसा. केंद्रात बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना खुणा करत.

त्या पट्ट्याचं बाईंना दुःख नव्हतं असं नाही. हे मला उशिरा कळलं. एकदा दुपारी डबा खाताना त्या सहज बोलून गेल्या. “छप्पन साली आमी दीक्षा घेतली तवा मी शाळेत होती. माहा बाप मिलमंदी होता. त्या दिवशी त्यानं आमा सगळ्या पोराईले पांढरे कपडे घेतले. म्हने, आता मैल्या कपड्यानं कोनासमोर जायचं नाई. अंगावर डाग दिसला का मारे, भाऊ. खेळतानाबी बसाले भेव वाटे.” मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आता मी रोज डाग घेऊन फिरून राहिली. बाप असता तं काय म्हनलं असतं, कोन जाने.”

“मग लावा ना मडगार्डं!” मी म्हणालो.

“लुगडं धुतलं का डाग जाते. चाक अडलं तं काय जाते, ते तुमाले ठाव नाई.”

त्यांच्या थैलीत खाली नेहमी एक धुतलेलं लुगडं मेणकापडात बांधलेलं असे. गावात पोचल्यावर पहिल्या घराच्या आडोशाला ते बदलायचं आणि मगच बाळंतिणीला हात लावायचा, असा त्यांचा नेम होता. एकदा मी विचारलं, की एवढा व्याप करण्यापेक्षा गावातच विहिरीवर अंगावरचं धुऊन का घेत नाही. “विहीर त्याईची हाय, भाऊ,” एवढंच म्हणाल्या. बाळंतपणाला बाई चालते आणि विहिरीला चालत नाही, हे मला समजायला हवं होतं. मी त्याच नागपुरात वाढलो होतो.

मातीचं शास्त्र मात्र त्यांनी मला शिकवलं. धो धो पावसात चिखल पातळ असतो. तो उडतो, अंगावर येतो, पण चाकाला चिकटून राहत नाही. उन्हाळ्यात प्रश्नच नाही. खरा धोका पाऊस थांबून ऊन पडतं तेव्हा. माती अर्धी वाळते, कणकेसारखी घट्ट होते. टायरला थराथराने गुंडाळते, मडगार्डाच्या आत ठासत जाते आणि शेवटी चाक जागच्या जागी थांबतं. “पानी पडून राहिलं का मानूस सावध असते,” बाई म्हणायच्या. “ऊन दिसलं का फसते. लख्ख उनाचं मले भेव वाटते.” त्यांची पहिली की दुसरी पावसाळी फेरी असताना चाक असंच अडलं होतं आणि पोचायला इतका उशीर झाला होता, की मूल गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चौकात जाऊन मडगार्डं काढवून घेतली. त्या गोष्टीबद्दल त्या यापेक्षा जास्त कधी बोलल्या नाहीत.

डॉक्टर साहेब माणूस वाईट नव्हता. पण टापटिपीचा होता. टेबलावरच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावायचा. बाईंच्या सायकलीवरून तो अधूनमधून टोमणे मारी. “गजभिये बाई, ही पोरासोरांची फॅशन तुम्हाला शोभते का?”

“साहेब, मडगार्ड हेच फॅशन हाय,” बाई शांतपणे म्हणत. “त्याच्याबिगर सायकल चालते. चाकाबिगर नाई चालत.”

साहेब हसून सोडून देई. त्या हसण्यात थोडा राग असे. मला तो दिसे आणि बाईंनी अशी उत्तरं देऊ नयेत असं वाटे.

एका वर्षी पोळ्याच्या पंधरवडाभर आधी वरून कोणी अधिकारी पाहणीला येणार असं कळलं. साहेबाने भिंतींना चुना मारून घेतला, फाटकाला रंग दिला. जाता जाता मला म्हणाला, “त्या सायकलीचं काहीतरी करा बुवा.” बस्स, एवढंच. बाई त्या वेळी दोन दिवस रजेवर, उमरेडला बहिणीकडे गेल्या होत्या. मी भंडारातून मडगार्डं काढली, घासून पुसून स्वच्छ केली आणि सायकल ढकलत चौकातल्या सायकलवाल्याकडे नेली. जुने नट गंजले होते. मी म्हणालो, नवे टाक, मोठे टाक, मडगार्ड खडखडता कामा नये. त्याने ते इतके आवळले, की हाताने ढकलून तसूभर हलेनात. मी चेनकव्हर लावलं, जाळी लावली, सगळ्याला तेलाचा हात फिरवला. सायकल नव्यासारखी दिसू लागली. मला फार बरं वाटलं. एखाद्या माणसाला आपण शिस्त लावली, असं वाटलं.

पाहणी झाली. अधिकाऱ्याने बाईंच्या सायकलीकडे पाहून मान डोलावली. साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली. गाडी गेल्याबरोबर बाई माझ्या टेबलाशी आल्या.

“भाऊ, साहेब गेले. आता काढून टाका ते. माहा पाना बसत नाई त्या नटाले.”

“उद्या काढवतो,” मी म्हणालो.

उद्याचा परवा झाला. मग सायकलवाला गावाला गेला, मग साहेबाने दुसरं काम लावलं. रोज काहीतरी कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. पण त्या कारणांच्या खाली आणखी एक गोष्ट होती. त्या आठ-दहा दिवसांत पाऊस नव्हता, बाई स्वच्छ लुगड्याने येत-जात होत्या आणि मला वाटत होतं, की आता त्यांनाही सवय होईल. माझंच खरं ठरेल. बाईंनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. नुसतं सायकलीकडे पाहून माझ्याकडे पाहिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस लागला तो पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं आणि चटचटीत ऊन पडलं. शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक होती. तिकडून ढोल-ताशांचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता आणि मध्येच ती आरोळी ऐकू येई, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! चौकातली दुकानं बंद होती. साहेब आला नव्हता. केंद्रात बाई आणि मी दोघेच होतो.

अकराच्या सुमाराला एक माणूस धावत फाटकातून आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात वहाणा. सावरटोल्याचा देवाजी. दुसऱ्याच्या शेतात राबणारा तरणा गडी. सावरटोला पांदणीवरचं शेवटचं गाव, केंद्रापासून दोन कोस. त्याला नीट बोलता येत नव्हतं.

“बाई, माह्या बायकोले, मंजुळाले, पहाटपासून कळा चालू हायेत. सुईन म्हनते, नर्सबाईले आन. रगत जाऊन राहिलं जी.”

बाईंनी एक प्रश्नही जास्तीचा विचारला नाही. रक्त थांबवायचं इंजेक्शन, कापूस, सगळं थैलीत होतंच. थैली कॅरियरला बांधता बांधता त्यांची नजर मडगार्डांवर गेली. मग त्या फाटकाबाहेर गेल्या, वाकल्या, माती उचलली. मी पायरीवरून बघत होतो. बोटांत गोळी झाली. त्यांनी ती टाकून दिली नाही, मुठीत धरूनच परत आल्या.

“भाऊ, चौकात कोनी असंल?”

“सगळं बंद आहे, बाई. मारबत आहे.”

त्यांनी आपला पाना काढून एका नटाला लावून पाहिला. तो त्यावर बसेचना. मी माझ्या सायकलीचा पाना आणला, तोही बसेना. त्यांनी मडगार्डाच्या कांबीला दोन्ही हातांनी हिसका दिला. काही हललं नाही. मी खाली मान घालून म्हणालो, “माझी सायकल नेता का?”

“तुमचीबी तशीच हाय.”

देवाजी पायरीशी उभा राहून आमच्याकडे बघत होता. आम्ही काय करतो आहोत ते त्याला कळत नव्हतं. तो म्हणाला, “मी धुऱ्याधुऱ्यानं जातो, बाई. तुमी पांदनीनं या. तुमी आधी पोचसान.” आणि तो शेताच्या बांधावरून धावत निघाला. बाई सायकलवर बसल्या. खडीच्या रस्त्यावर त्यांनी इतकं जोरात पायडल मारलं, की वळणावर त्या क्षणात दिसेनाशा झाल्या. मागून मला चमकणारं मडगार्ड तेवढं दिसलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. बाईंनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. पांदणीला लागल्यावर पाऊणशे पावलांत मागचं चाक जड झालं. त्या उतरल्या, बाभळीच्या काटकीने चिखल काढला, पुन्हा बसल्या. पन्नास पावलं गेल्या, पुन्हा अडलं. काटकी मडगार्डाच्या आत मोडली. मग बोटांनी काढायला लागल्या. पुढे चाक फिरेचना, तेव्हा सायकल ओढायला लागल्या, मग उचलून घ्यायला. चिखलाने ती दुप्पट जड झाली होती. नाल्याच्या अलीकडे त्यांनी सायकल पांदणीतच टाकली, थैली डोक्यावर घेतली आणि पायी निघाल्या. त्या चिखलात पायही निघत नव्हते.

पायी निघालेला देवाजी त्यांच्या कितीतरी आधी घरी पोचला होता. पण तो रिकाम्या हातांनी पोचला होता.

दिवस कलताना बाई परत आल्या. चालत. मी फाटकापाशीच उभा होतो. त्यांनी लुगडं बदललं नव्हतं. अंगावर चिखल होता आणि चिखलावर रक्त वाळलं होतं. त्या बाकावर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

“पोरगी झाली,” त्या म्हणाल्या. “चांगली हाय. रडली. मंजुळा गेली. मी सुई टोचली तवा हातापायात काही उरलं नव्हतं. माह्याकडे पाहून राहिली होती. म्हने, बाई, आल्या का?” शहराकडून शेवटचे ढोल वाजत होते. “अर्धा घंटा आधी पोचली असती तं…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो. नाल्याच्या अलीकडे ती आडवी पडली होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामधला चिखल उन्हाने विटेसारखा झाला होता. मी दगड घेऊन तो फोडायला लागलो. बाई बाजूला उभ्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “राहू द्या, भाऊ. पोरीले पाहाले जायचं हाय. तुमीबी चाला. तिथं जाऊन सांगा त्याईले.”

काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

देवाजीच्या अंगणात तो भिंतीला टेकून बसला होता. आत त्याची आई बाळाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होती. बाईंनी बाळ तपासलं, नाळ पाहिली, दूध कसं द्यायचं ते समजावलं. त्या बाहेर आल्या तेव्हा देवाजीने मान वर केली. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

“बाई, मी पायी आलो. तुमी सायकलवर होत्या. तुमाले काहून उशीर झाला?”

अंगणात चार-पाच माणसं होती. सगळी आमच्याकडे बघत होती. बाई माझ्याकडे बघत होत्या. मला सगळं वाक्य तयार दिसत होतं: ही मडगार्डं मी लावली, बाईंनी काढा म्हटलं होतं, मी काढली नाहीत. तीन तुकड्यांचं वाक्य. माझ्या घशातून त्यातला एकही तुकडा बाहेर आला नाही. मी खाली बघत राहिलो. माझ्या बोटांना पांदणीचा चिखल लागला होता, तो मी धोतराला पुसत राहिलो.

मग बाईंचा आवाज आला. “वाटेत अडली मी. चुकी माही हाय.”

परत येताना त्या माझ्या दोन पावलं पुढे चालत होत्या. नाल्यापाशी उरलेला चिखल फोडून झाल्यावरही सायकल त्यांनी मला ढकलू दिली नाही. केंद्राच्या जवळ आल्यावर मी कसंबसं म्हणालो, “बाई, मी…”

“मीबी चुकली, भाऊ. पांदनीच्या तोंडाशीच टाकून द्यायची होती. सायकलीचा मोह पडला. वाटलं, आता चालंल, आता चालंल.” त्या थांबल्या. “पन तुमी बोलाले पाहिजे होतं.”

त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याशी कधीच काढला नाही. गावाने मात्र काढला. वाटेत कुठेतरी चहा प्यायला थांबली, शहरात मारबत बघत बसली, अशा गोष्टी पसरल्या. कोणी त्यांच्या जातीवरून बोललं. पांदणीवरच्या दोन गावांनी त्यांना बोलावणं बंद केलं. साहेबाकडे तक्रार आली. त्याने बाईंचं म्हणणं लिहून घ्यायला मला सांगितलं. समोर बसून त्यांनी सांगितलं, “रस्ता खराब होता, लिहा.” मी वळणदार अक्षरात लिहिलं, रस्ता खराब होता. साहेबाला मडगार्डांचं माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्याने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

दिवाळीनंतर बाईंची बदली झाली. चंद्रपूरच्याही पलीकडे, जंगलात. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा केला. म्हातारीच्या पाया पडल्या. मला म्हणाल्या, “तिकडं माती लाल हाय म्हनते. धरत नाई.” आणि हसल्या. त्यांची ट्रंक रिक्षात चढवताना मी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी हात वर करून थांबवलं. “मले नोका सांगू, भाऊ. मले ठाव हाय. ज्याले ठाव नाई त्याले सांगा.”

मी सांगितलं नाही. सावरटोला दोन कोसांवर होता. मी बारा वर्षं तिथे गेलो नाही. माझं लग्न झालं, प्रताप नगरला घर केलं, बढती मिळाली. मग एक दिवस जुन्या खात्यातला एक ओळखीचा माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, तुमच्या त्या गजभिये सिस्टर गेल्या हो. जंगलातल्या गावी ताप डोक्यात गेला. शहरात आणेपर्यंत उशीर झाला. त्याने ‘उशीर’ हा शब्द सहज वापरला.

त्याच आठवड्यात मी सावरटोल्याला गेलो. पांदण आता डांबरी झाली होती, अर्ध्या वाटेपर्यंत प्लॉट पडले होते. देवाजीचे केस अकाली पांढरे झाले होते, पण मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. मी केंद्राचं नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा मिटला. एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. तिच्याकडे बघवेना. देवाजीने तिला दळण आणायला पाठवलं.

मी सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. नट मोठे टाकायला मी सांगितलं होतं, हेही सांगितलं. गजभिये बाई आता नाहीत, हेही. तो ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने विचारलं, “हे तुमाले तवाच ठाव होतं?”

“हो.”

“बदलीच्या आधी बाई दोनदा आली होती. पोरीले पाहाले,” तो म्हणाला. “पयल्यांदा मी दारातूनच वापस धाडली. दुसऱ्यांदा…” त्याने पाण्याचा तांब्या बाजूला सारला. “दुसऱ्यांदा मी तिच्या अंगावर थुकलो, बाबू. पांढऱ्या लुगड्यावर. ते काही बोलली नाई. पदरानं पुसलं न गेली.”

बाहेर कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती. तिचा आवाज सगळ्या अंगणात भरून राहिला होता.

“तुमी सांगतलं न हलके झाले,” तो म्हणाला. “आता हे मी कुठी ठेवू?”

मी उठलो, चपला घातल्या. अंगणाच्या कडेला पोचलो तेव्हा त्याने मागून हाक मारली.

“बाबू. माही पोरगी आतालोक त्या बाईलेच शिव्या देते. मीच शिकवलं तिले. आता मले सांगा लागंल.” तो उठून उभा राहिला होता. “तुमचं पूरं नाव काय?”

मी नाव सांगितलं. त्याने ते माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं, सावकाश, विसरू नये म्हणून.